बातूर, ब्रोमो आणि इजेन: जागृत ज्वालामुखीवर पायी जाण्याची तयारी

बालीच्या सहलीत पहाटेचा बातूर आता जवळजवळ ठरलेलाच असतो, आणि ज्यांच्या पायांना सह्याद्रीची सवय आहे त्यांच्यापैकी काही जण पुढे सामुद्रधुनी ओलांडून पूर्व जावातील ब्रोमो आणि कावाह इजेन हेही गाठतात. नुसत्या आकड्यांवरून पाहिले तर यांत अवघड काही दिसत नाही. बातूरची उंची १,७१७ मीटर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा तो जेमतेम सत्तर मीटरने उंच. ब्रोमो २,३२९ मीटरचा असला तरी जीप त्याच्या पायथ्यापर्यंत जाते. आणि इजेनच्या कड्यापर्यंतची वाट साधारण तीन किलोमीटरची आहे. राजगड किंवा हरिश्चंद्रगड चढलेल्या माणसाला ही चाल सहज झेपते, आणि गैरसमज नेमका इथूनच सुरू होतो. गडावरचा धोका आपल्या पायाखाली असतो आणि कौशल्याने तो कमी करता येतो. ज्वालामुखीचा धोका हवेत आणि जमिनीच्या पोटात असतो; तिथे चढाईचे कौशल्य कामाला येत नाही, मुखापासून राखलेले अंतर आणि मुखाजवळ घालवलेला वेळ एवढेच आपल्या हातात राहते. पुढची सगळी तयारी ही दोन मापे डोळ्यांसमोर ठेवून करायची आहे.

आधी पातळी, मग तिकीट

इंडोनेशियातील ज्वालामुखींवर ‘पीव्हीएमबीजी’ ही सरकारी संस्था लक्ष ठेवते, आणि ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या तिच्या संकेतस्थळावर प्रत्येक डोंगराची सद्यःस्थिती पाहता येते. पातळ्या चार आहेत: पहिली ‘नॉर्मल’, दुसरी ‘वासपादा’, तिसरी ‘सियागा’ आणि चौथी ‘आवास’. मराठी वाचकाने शेवटच्या शब्दाला फसू नये, कारण या आवासाचा अर्थ घर असा नसून घर सोडून निघावे असा आहे. पातळीच्या आकड्यापेक्षाही तिच्यासोबत दिलेली सूचना महत्त्वाची असते, कारण मुखापासून किती अंतराच्या आत जाऊ नये हे तीत लिहिलेले असते. मजकूर इंडोनेशियन भाषेत असला तरी भाषांतराच्या अ‍ॅपने तो कळण्याइतका उलगडतो. सहल ठरवताना, निघण्याच्या आठवड्यात आणि चढाईच्या आदल्या संध्याकाळी असा तीन वेळा तो पाहावा.

दुसऱ्या पातळीला ‘तशी किरकोळच’ समजण्याची चूक फार महागात पडते. सुमात्रा बेटावरील मारापी हा डोंगर २०११ पासून दुसऱ्या पातळीवर होता आणि मुखापासून ३ किलोमीटरच्या आत जाऊ नये अशी सूचना होती. तरीही गिर्यारोहकांची ये-जा चालू राहिली, आणि ३ डिसेंबर २०२३ रोजी तो अचानक उफाळला तेव्हा डोंगरावर सुमारे ७५ जण होते. त्यांपैकी २४ जणांचा जीव गेला. (जावातला मेरापी हा वेगळा डोंगर आहे, बातमी वाचताना आणि वाहन ठरवताना एका अक्षराचा हा फरक लक्षात ठेवावा.) पहिल्या पातळीलाही अभय मानता येत नाही. जपानमधील ओन्ताके हा ज्वालामुखी सर्वांत खालच्या पातळीवर असताना २७ सप्टेंबर २०१४ रोजी, शनिवारी भर दुपारच्या सुमारास फुटला, आणि शिखरावर शरदातली रंगीत पाने पाहायला आलेल्यांपैकी ६३ जण मृत वा बेपत्ता झाले.

ओन्ताकेवर झाला तो बाष्पस्फोट होता. तप्त खडकांच्या सान्निध्यात अडकलेल्या भूजलाची एकदम वाफ झाली की तिचे आकारमान शेकडो पटींनी वाढते आणि वरचा खडक फोडून ती बाहेर येते. शिलारस वर चढत असेल तर भूकंपाचे धक्के आणि जमिनीचा फुगवटा यांवरून काही दिवस आधी सुगावा लागू शकतो. बाष्पस्फोट मात्र बहुधा सांगून येत नाही. इजेनच्या मुखात तर एक अख्खे सरोवर आहे. म्हणून पातळी पहिली असली तरी मुखाशी रेंगाळायचे नाही, हा नियम या लेखात पुन्हा पुन्हा येईल.

केव्हा जावे आणि दिवस कसे मांडावेत

बाली आणि पूर्व जावात साधारण एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम असतो आणि नोव्हेंबर ते मार्च पावसाळा. आपल्या मे महिन्याच्या सुट्ट्या या हिशेबात छान बसतात; दिवाळीची सुट्टी पावसाच्या उंबरठ्यावर येते आणि नाताळची थेट त्याच्या मध्यात. पावसात वाट निसरडी होते एवढेच नाही, तर ताज्या राखेवर जोराचा पाऊस झाला की राख, माती आणि धोंडे यांचा लोंढा ओढ्या-नाल्यांतून खाली धावतो. त्याला लाहार म्हणतात, आणि हा शब्द मुळात जावातूनच जगभर गेला आहे. वर उल्लेख केलेल्या मारापीच्या परिसरात मे २०२४ मध्ये आलेल्या अशा लोंढ्याने आणि पुराने साठाहून अधिक लोकांचा बळी घेतला, आणि त्याला कारण नवा उद्रेक नव्हे, तर पाऊस होता. तेव्हा पावसाळी दिवशी ओढ्याच्या पात्रातून जाणारी वाट टाळावी.

भारतीय पर्यटकाला विमानतळावर किंवा आधी ऑनलाइन ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, त्याचे शुल्क ५ लाख रुपिया आहे. बालीत येणाऱ्या परदेशी पर्यटकाला फेब्रुवारी २०२४ पासून दीड लाख रुपियांचा वेगळा करही भरावा लागतो. दिवसांची मांडणी करताना ज्वालामुखी सहलीच्या पूर्वार्धात आणि समुद्रकिनारे उत्तरार्धात ठेवावेत, म्हणजे ढग आले किंवा वाट बंद झाली तर चढाई एक-दोन दिवस पुढे ढकलता येते. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री चढाई कधीही ठेवू नये. राखेमुळे विमाने रद्द होणे ही तिकडची नेहमीची गोष्ट आहे: नोव्हेंबर २०१७ मध्ये बालीतल्याच आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे बालीचा विमानतळ दोन दिवसांहून अधिक काळ बंद होता, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ८०० किलोमीटर दूर, फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबीच्या राखेने बालीची अनेक उड्डाणे रद्द केली. राखेचे कण इंजिनात वितळून पुन्हा काचेसारखे चिकटतात. जून १९८२ मध्ये जावातील गालुंगुंगच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या जम्बो विमानाची चारही इंजिने याच कारणाने बंद पडली होती. त्यामुळे परतल्यावर लगेच कामावर हजर होणे आवश्यक असेल तर मधे दोन दिवस मोकळे ठेवावेत.

प्रवास विमा डोंगराने मान वर काढण्याआधी घ्यावा. उद्रेक किंवा इशारा जाहीर झाल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत त्या घटनेची भरपाई सहसा मिळत नाही. गिर्यारोहणाचा समावेश आहे का, किती उंचीपर्यंत आहे, आणि बंदी घातलेल्या भागात शिरल्यास दावा फेटाळला जातो का, ही तीन वाक्ये पॉलिसीत शोधून वाचावीत. मुंबईच्या एजंटाने तोंडी दिलेली खात्री तिकडच्या रुग्णालयात चालत नाही.

कोणता डोंगर कोणासाठी

घरच्या वडीलधाऱ्यांसह किंवा दहा-बारा वर्षांच्या मुलांसह जायचे असेल तर बातूर निवडावा. त्याचा शेवटचा उद्रेक २००० साली झाला. १९२६ च्या उद्रेकाने मात्र पायथ्याचे बातूर गाव लाव्हाखाली गाडले होते आणि त्यानंतर गावासह देऊळ वर, मोठ्या विवराच्या काठावर हलवण्यात आले. आज रस्त्यावरून दिसणारे पुरा उलून दानू बातूर ते हेच. पहाटे साडेतीन-चारच्या सुमारास सरोवराकाठच्या तोया बुंगकाह भागातून चालायला सुरुवात केली की दोन तासांत सूर्योदयाच्या जागी पोहोचता येते. इथे स्थानिक वाटाड्यांच्या संघटनेचा माणूस सोबत घ्यावाच लागतो. याविषयी पर्यटक कुरकुर करतात, पण अंधारात वाफेची भोके कुठे आहेत हे ज्याला पाठ आहे त्याला पैसे देण्यात गैर काय आहे, हे मला कधी कळलेले नाही. त्याच वाफेवर तो अंडी उकडून देतो. शाकाहारी मंडळींनी लाडू-चिक्की सोबत ठेवावी.

वाटेचा वरचा टप्पा आपल्या ओळखीचा वाटेल, कारण तो निव्वळ घसारा आहे. तरीही सह्याद्रीचा घसारा आणि हा यांत फरक आहे. आपला बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, झिजून गोलावलेला. बातूरचा लाव्हा काही दशकांपूर्वीचा, सच्छिद्र आणि काचेसारख्या धारेचा. त्यावर हात टेकला तर तळवा सोलवटतो, म्हणून पातळ हातमोजे घालावेत, आणि उतरताना गुडघे किंचित वाकवून, टाच रोवत, बाजूबाजूने यावे. वरच्या माणसाच्या अगदी सरळ खाली कोणी उभे राहू नये.

ब्रोमोला चालणे सर्वांत कमी आहे. जीपने काळ्या वाळूचे पठार ओलांडले की थोडी पायपीट आणि सुमारे अडीचशे पायऱ्या, की आपण थेट मुखाच्या काठावर. इथला डोंगर तेंग्गर समाजाचा देव आहे. ही माणसे हिंदू असून यद्न्या कसादा या उत्सवात भाजीपाला, धान्य, कोंबड्या असा नैवेद्य मुखात सोडतात. पण ही सहजताच फसवी आहे. जून २००४ मध्ये अचानक झालेल्या उद्रेकात इथे दोघांचा मृत्यू झाला. ब्रोमो दुसऱ्या पातळीवर असेल तर मुखापासून एक किलोमीटरच्या आत न जाण्याची सूचना असते, आणि तरीही जीपवाला ‘सगळेच जातात’ असे सांगण्याची शक्यता दांडगी असते. अशा वेळी २,७७० मीटरवरील पेनांजाकानहून सूर्योदय पाहावा आणि परत फिरावे. ब्रोमो, शेजारचा बातोक डोंगर आणि दूरवर धुराचा फुगा सोडणारा सेमेरू एका चौकटीत दिसतात ते तिथूनच, काठावरून नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे थंडी शून्याजवळ जाऊ शकते, आणि आपल्याकडे तो पावसाळा असल्याने लोक पातळ विंडचीटर घेऊन जातात. लोकरीची टोपी आणि जाड जॅकेट न्यावे.

इजेन मात्र सर्वांसाठी नाही.

इजेनची रात्र

कावाह इजेनच्या तळाशी गंधकाचा वायू भेगांतून अतितप्त अवस्थेत बाहेर येऊन पेटतो आणि अंधारात निळ्या ज्योती दिसतात. लोक त्यांच्यासाठीच मध्यरात्री उठतात. काठावरून मुखात उतरणारी वाट खडकाळ आणि अरुंद आहे, आणि तिच्या शेवटी सुमारे एक किलोमीटर लांबीचे हिरवट-निळे सरोवर आहे, ज्याचे पाणी जगातल्या सर्वांत आम्लधर्मी मोठ्या सरोवरांत गणले जाते. त्यात हात बुडवणे ही गंमत नव्हे.

दमा, हृदयविकार किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि लहान मुलांनी मुखात उतरू नये. दम्याच्या रुग्णाने तर काठापर्यंत जाण्याचाही विचार डॉक्टरांना विचारूनच करावा, कारण सल्फर डायऑक्साइडच्या थोड्याशा मात्रेनेही श्वासनलिका आवळल्या जातात. प्रवेशाच्या वेळी आरोग्य प्रमाणपत्र मागितले जाते. ते खालच्या गावात पाच मिनिटांत मिळते हे खरे, पण आपली खरी तपासणी आपण घरूनच करून निघावे.

मुखवट्याविषयी जरा सविस्तर सांगणे आवश्यक आहे. ओला रुमाल, कापडी मास्क किंवा एन-९५ हे राखेचे कण अडवतात. वायू अडवत नाहीत. वायूसाठी दोन्ही बाजूंना हवा गाळणारी डबी लावलेला रबरी मुखवटा लागतो आणि ती डबी आम्लवायूंसाठीची असावी लागते. युरोपीय पद्धतीच्या डबीवर पिवळा पट्टा म्हणजे सल्फर डायऑक्साइड आणि करडा पट्टा म्हणजे हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू. दोन्ही पट्टे असलेली डबी घ्यावी. पाल्तुदिंगच्या सुरुवातीच्या तळावर मुखवटे भाड्याने मिळतात, पण त्या डब्या किती जणांनी किती रात्री वापरल्या हे कोणी सांगत नाही, म्हणून डबी नवी आणि आपली असावी. मुखवटा चढवून डब्यांवर तळवे दाबून श्वास आत ओढावा. तो चेहऱ्याला चिकटून आत ओढला गेला तर बसला आहे, बाजूने हवा आली तर नाही. दाढी असेल तर तो कधीच नीट बसत नाही, तेव्हा ज्यांना दाढी प्यारी आहे त्यांनी काठावरच थांबावे. कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावावा, आणि चांदीचे दागिने हॉटेलात ठेवावेत, कारण या हवेत ते काळे पडतात.

बालीहून रात्री निघून फेरीने जावाला उतरणाऱ्यांनी घड्याळाकडे लक्ष द्यावे: पूर्व जावा बालीच्या एक तास मागे आहे. या एका तासाच्या घोळाने वाहन चुकलेले प्रवासी कमी नाहीत. वाट सुरुवातीला रुंद पण खडी आहे आणि सुमारे पाचशे मीटर चढते. दीड-दोन तास धरावेत. हेडटॉर्च, माणशी दीड लिटर पाणी, ओरखडे सोसणारी फुलपँट, पकड असलेले बूट, शिट्टी, आणि फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेला नकाशा एवढे पुरे आहे. वाटेत ‘तुतुप’ म्हणजे बंद, ‘बाहाया’ म्हणजे धोका आणि ‘जालूर एवाकुआसी’ म्हणजे सुटकेची वाट, हे फलक ओळखता आले पाहिजेत.

काठावर पोहोचल्यावर लगेच उतरू नये. दहा मिनिटे थांबून धूर कोणत्या बाजूला वाहतो ते पाहावे. तो उतरणीच्या वाटेवर येत असेल तर उतरण्याचा बेत तिथेच संपला, कितीही दुरून आला असाल तरी. हे वाक्य रात्री दोन वाजता, थंडीत, सोबतचे सगळे खाली निघालेले असताना पाळणे कठीण जाते, म्हणून ते आदल्या दिवशी गटात मोठ्याने बोलून ठरवावे आणि कोणा एकालाही ‘परत’ म्हणण्याचा हक्क असावा. मार्च २०१८ मध्ये इजेनच्या वायूने परिसरातील कितीतरी लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते. तेव्हा उद्रेक म्हणावा असे काही झालेले नव्हते.

खाली उतरलात तर वायूंची वागणूक लक्षात ठेवावी. काडेपेटी ओढल्यावर येतो तसा झोंबणारा वास सल्फर डायऑक्साइडचा, तर सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. दुसऱ्याची मात्रा धोकादायक झाली की नाकाची त्याला ओळखण्याची शक्तीच बधिर होते, म्हणून वास अचानक नाहीसा झाला तर ती सुटका समजू नये, उलट ताबडतोब वर निघावे. कार्बन डायऑक्साइडला वासच नाही आणि ही डबी त्याला अडवतही नाही. हे तिन्ही वायू हवेपेक्षा जड असल्याने खळग्यांत साचतात. बसायला, बुटाची नाडी बांधायला किंवा फोटोसाठी वाकायला खोलगट जागा निवडू नये. डोके दुखू लागणे, मळमळणे किंवा खोकल्याची उबळ न थांबणे यांपैकी काहीही झाले तर मुखवटा न काढता, धूर चुकवून, वाऱ्याच्या आडव्या दिशेने वर यावे.

या वाटेवर गंधकाचे हमाल असतात. खाली नळ्यांतून गार होत ओघळलेला गंधक फोडून ते खांद्यावरच्या टोपल्यांतून सत्तर-ऐंशी किलो, कधी त्याहूनही जास्त वजन वर आणतात. त्यांना आधी वाट द्यावी आणि ती देताना डोंगराच्या बाजूला उभे राहावे, दरीच्या बाजूला नव्हे. फोटो काढायचा असेल तर विचारून काढावा. आणि स्वतःचा फोटो काढताना पाठीमागे पावले टाकू नयेत: एप्रिल २०२४ मध्ये इथे सूर्योदयाचा फोटो काढून घेताना एक चिनी पर्यटक महिला तोल जाऊन खाली पडली आणि दगावली. ज्वालामुखीवरही माणसे कड्यावरून पडतात, हे साध्या डोंगराचे सत्य धुराच्या भीतीत विसरले जाते.

डोंगराने तोंड उघडले तर

अचानक स्फोट झाला तर पहिले काही मिनिटे खरा धोका उडालेल्या दगडांचा असतो. ओन्ताकेवर बहुतेकांचा जीव दगडांनीच घेतला, आणि शिखरावरील निवाऱ्यांत शिरलेले अनेक जण वाचले. पाठ फिरवून उताराने आंधळेपणाने धावू नये. एखाद्या मोठ्या खडकाच्या, बांधाच्या किंवा भिंतीच्या आडोशाला, मुखाच्या उलट बाजूस अंग चोरून बसावे, सॅक काढून डोके आणि मान झाकावी. ब्रोमो आणि बातूरवर हेल्मेट कोणी घालत नाही, पण सायकलचे हलके हेल्मेट सॅकला अडकवून नेण्यात लाजण्यासारखे काही नाही. दगडांचा मारा थांबताच उठून, खळगे आणि ओढे टाळत, धारेधारेने शक्य तेवढ्या झपाट्याने दूर जावे. काही विसरले असेल तर ते तिथेच राहू द्यावे.

तप्त वायू, राख आणि दगड यांचा ढग जमिनीलगत खाली येऊ लागला तर त्याच्याशी शर्यत लावता येत नाही; तो ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने येतो. मेरापीच्या परिसरातले लोक त्याला ‘वेधुस गेंबेल’ म्हणजे झिपऱ्या मेंढ्या म्हणतात, कारण लांबून तो डोंगरावरून उतरणाऱ्या कळपासारखा दिसतो. तो बहुतेक वेळा दऱ्या धरून येतो, म्हणून दरी सोडून आडवे आणि वर सरकणे एवढाच उपाय असतो, आणि तोही तुम्ही आधीच दूर असाल तरच.

राख पडू लागली तर एन-९५ आणि बंद चष्मा लावावा, डोळे चोळू नयेत, पाण्याने धुवावेत. गाडीच्या काचेवरची राख कोरड्या वायपरने काढली तर काच ओरखडते. आधी भरपूर पाणी ओतावे. परतल्यावर कपडे बाहेरच झटकून वेगळे धुवावेत आणि उघडलेली डबी पुढच्या सहलीसाठी जपून न ठेवता टाकून द्यावी, कारण ती एकदा उघडली की झिजत राहते. खोकला किंवा धाप दुसऱ्या दिवशीही राहिली तर घरी पोहोचेपर्यंत वाट न पाहता तिथल्याच डॉक्टरांकडे जावे आणि आपण मुखाजवळ किती वेळ होतो हे त्यांना नेमके सांगावे.